काय, कुठं, किती

एका अनोळखी मुलीला मी प्रगतिपुस्तक दिलं. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी माझ्या वर्गात कधीच नव्हती, आणि विषय होता नथ्थू तापीकरचं नवं गाणं. तेव्हा मी लहान होते. सदुसष्ट वर्षांची. आता एकोणसत्तरावं लागलंय, त्यामुळे त्या काळातल्या माझ्या पोरकटपणाकडे जरा लांबून बघता येतं.

नथ्थू तापीकर हा आमचा अहिराणी गायक. धुळे, नंदुरबार, जळगावकडून सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला आलेली जितकी घरं, तितकी त्याच्या चाहत्यांची घरं. या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, ‘तापीकर चाहते, सुरत’. माझ्या नातीनं, चिनूनं, मला त्यात घातलं. मी तिच्या प्रत्येक वाक्यात बोट घालायचे, त्याला ती कंटाळली होती. म्हणाली, “आजी, तिथं चारशे माणसं आहेत. त्यांना सुधार.”

मी तयारच होते. आता खरं सांगायचं तर, सुरतेतल्याच लिंबायतच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि एकतीस वर्षं पोरांना अहिराणी बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं. स्वतः अमळनेरची, घरी आईशी अहिराणीत बोलणारी, पण शाळेच्या फाटकात शिरले की माझी जीभ पुण्याला जायची. आणि निवृत्त झाल्याबरोबर याच बाईंना साक्षात्कार झाला की अहिराणी जपली पाहिजे. ज्या पोरांना उभं केलं होतं, त्यांच्याच ग्रुपात मी अहिराणीची राखणदार म्हणून बसले.

तापीकर तोवर ढोलकी-संबळावर गायचा. विहीर, बांध, माहेरची वाट. मग त्याचं नवं गाणं आलं. त्यात डीजेचा ठोका, थोडी अहिराणी, थोडी गुजराती, बाकी हिंदी, आणि एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करणारी एक मुलगी. ग्रुप मधोमध फाटला. जुने म्हणाले, विकला गेला. नवे म्हणाले, खोकडांनो, झोपा. “तुम्हा लोकांमुळेच भाषा मेली” असं एकानं लिहिलं, त्यावर दुसऱ्यानं आपल्या चपलेचा फोटो टाकला.

या धुमश्चक्रीत ‘सुरती मैना’ नावाच्या कुणा मुलीनं नव्या गाण्याची बाजू घेऊन लांबलचक मजकूर लिहिला. मी दोन ओळी वाचल्या आणि माझ्यातली बाई जागी झाली. कागद घेतला, पट्टीनं रेघा आखल्या आणि लाल शाईनं प्रगतिपुस्तक तयार केलं. श्रवण: दोन्ही कान नापास. आवड: उकिरड्यावरची. बुद्धी: आढळली नाही. वर्तन: असमाधानकारक. शेरा: पालकांनी घरी लक्ष दिले असते तर ही वेळ आली नसती. पालकांनी समक्ष भेटावे. खाली माझी सही. फोटो काढला आणि दिला ग्रुपवर सोडून.

काय सांगू तो आनंद! हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. आदर्श शिक्षिका म्हणून माझा कधी सत्कार झाला नाही, तो त्या दुपारी झाला. दोन दिवसांनी अमळनेरहून माझ्या भाचीनं तेच प्रगतिपुस्तक मला पाठवलं, सही कापलेलं. म्हणाली, “बघ मावशी, कुणीतरी काय भारी लिहिलंय.” मी चिनूला बोलावून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, “आजी, त्या मुलीनं ग्रुप सोडला, बघितलंस का?” मी म्हटलं, “नापास झालेली पोरं शाळा सोडतातच.”

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साठीचा एक सडसडीत माणूस उभा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, भुवईत कापसाचा एक तंतू अडकलेला.

“बाई तुम्हीच ना?”

“हो. आपण?”

“समक्ष भेटा असं लिव्हलं व्हतं. मी पालक.”

“कुणाचे?”

“मैनाचा.”

एकतीस वर्षांची सवय किती वाईट असते बघा. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “या, बसा. इतक्या उशिरा आलात?” वाक्य तोंडातून निघून गेल्यावर मग मला कळलं की मी काय बोलले, आणि मी दाराच्या कडीला धरून उभी राहिले. आतून चिनूनं आवाज दिला, “आजी, पालकांना चहा ठेवू का?” तिला सगळं ऐकू गेलं होतं आणि ती मजा घेत होती. माझ्यावरच गेलीय.

हे सुकदेव आप्पा. ग्रुपचे अ‍ॅडमिनही तेच, हे मला त्या सकाळी कळलं. तोवर मी त्यांना फक्त अंगठा दाखवणारा एक गोल फोटो म्हणून ओळखत होते. मुलीचं खरं नाव रूपाली.

आप्पा बसले आणि भांडायच्या ऐवजी सोफ्याच्या कव्हरवरून तळहात फिरवायला लागले. फिरवता फिरवता थांबले. “बाई, इथं एक धागा सुटलाय. चार बोटं.” मला वाटलं, यांना म्हणायचंय काहीतरी दुसरं. पण त्यांना तेच म्हणायचं होतं. पस्तीस वर्षं ते लूमवरून उतरलेलं कापड तपासत होते. कापडाचा ताका टेबलावर सरकत जातो आणि त्यावरून त्यांचा हात. जिथं दोष सापडेल तिथं किनारीला रंगीत दोरा बांधायचा आणि वहीत लिहायचं. त्यांचा उजवा तळहात लहान बाळाच्या गालासारखा गुळगुळीत झाला होता आणि डावा होता शेतकऱ्याचा. पुढे त्यांनी माझ्या घरातला एकही कपडा सोडला नाही. माझ्या लग्नातल्या पैठणीत त्यांनी सहा दोष काढले. चाळीस वर्षं मी ती पैठणी नणंदांसमोर मिरवली होती.

मग त्यांनी फोन काढला. “बाई, मार्क कुठं कापले तेवढं दाखवा. घरी जाऊन पोरीला सांगता येईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिनं लिव्हलं त्यात चूक काय, कुठं, किती.”

मी चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. मी म्हटलं, “पूर्ण वाचलं नव्हतं मी.”

आप्पा रागावले नाहीत. “मग आता ऐका,” म्हणाले, आणि बोट ठेवून ठेवून वाचायला लागले. मैनेनं लिहिलं होतं: “पप्पांच्या आवडीची जुनी गाणी ऐकली की वाटतं मी कुणाच्या तरी गावाला पाहुणी आलीय. गाव छान आहे, पण माझं नाही. या गाण्यात माझ्या मशीनचा आवाज आहे. मधेच ठोका थांबतो ना, तसंच धागा तुटला की आमचं मशीन थांबतं आणि सगळ्या बायका एकदम मान वर करतात. हे त्याला कुणी सांगितलं? ढोलकी मात्र काढायला नको होती. ती असती तर आमचे पप्पापण नाचले असते.”

ढोलकी काढायला नको होती. मी चार दिवस जे ओरडत होते तेच तिनं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, माझ्यापेक्षा कमी जागेत.

“पोर घरमा बोलस नही, बाई,” आप्पा म्हणाले. मनातलं काही ओठांवर आलं की ते अहिराणीत शिरायचे. “बारा तास मशीनच्या आवाजात असते. तिथं कुणाला ऐकूच जात नाही, बायका नुसते ओठ हलवतात. घरी आली की जेवते आणि फोन घेऊन बसते. बोलायची ती ग्रुपात. आते तिथंबी नही.”

मला रडू यायला हवं होतं, पण मी मास्तरीण. मी त्यांनाच विचारलं, “तुम्ही अ‍ॅडमिन आहात, माझा मजकूर काढून का नाही टाकला?”

“काढला तर तो दिसायचा बंद व्हतो. तुम्ही तशाच राहता.” मग त्यांनी मला त्यांच्या कामाची रीत सांगितली. वहीत दोषाचे तीनच रकाने असतात: काय, कुठं, किती. तेलाचा डाग, अमुक मीटरवर, एवढा. कारागिराच्या नावाचा रकानाच नाही. “नवा व्हतो तेव्हा मी नाव लिव्हायचो. ज्याचं नाव लिव्हलं तो भांडायला यायचा. मग दोष तसाच राहायचा अन्‌ आमची मारामारी व्हायची. नाव सोडलं तसा माणूस कापड बघायला यायला लागला.”

माफी मागायचं मी ठरवलं. माझ्यासारख्या बाईला माफीपत्र म्हणजे काय अवघड! दीड पान लिहिलं. ‘आपल्या विशाल अंतःकरणात या वृद्धेस स्थान द्यावे’ वगैरे. ग्रुपवर टाकण्याआधी आप्पांना पाठवलं. त्यांचा फोन आला, “बाई, यात मुलगी कुठंय? सगळीकडे तुम्हीच.” दुसरा खर्डा लिहिला: ‘माझ्या शब्दांनी कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’. यावेळी आवाज जरा कोरडा होता. “असतील तर कशाला, बाई? मी रोज तिच्यासमोर जेवायला बसतो ना. दुखावल्यात.”

तिसरा खर्डा चार ओळींचा झाला. ‘रूपाली, तुझा मजकूर मी दोन ओळींपलीकडे वाचला नाही आणि त्यावर शेरा मारला. तुझ्या वडिलांबद्दल लिहिलं ते मला माहीत नसताना लिहिलं, आणि ते खोटं आहे. ढोलकीबद्दल तुझं-माझं मत एकच आहे. मशीन थांबण्याबद्दल तू लिहिलंस ते मला सुचलं नसतं.’ आप्पा म्हणाले, “आता चालंल. जिथं ते पुस्तक टाकलं तिथंच हे टाका. पोरीला मी दाखवतो.”

टाकलं. पिवळा चेहरा एकही आला नाही. मुलगी ग्रुपात परतली नाही, तिचं उत्तरही आलं नाही. आठवड्यानं मी आप्पांना विचारलं, “वाचलं का तिनं?” ते म्हणाले, “बघू.” महिन्यानं विचारलं. “बघू, बाई.” मी दर महिन्याला विचारत राहिले आणि ते ‘बघू’ म्हणत राहिले. या माणसाच्या ‘बघू’त हो आहे की नाही, ते माझ्या बोटांना कधी लागलं नाही.

तोवर त्यांनी मला कामाला मात्र लावलं. ग्रुपची दुसरी अ‍ॅडमिन करून टाकलं आणि जाहीर केलं, “ज्याला लई राग आला असंल त्यानं आधी बाईला पाठवावं. बाई शब्द बदलून देतील.” म्हणजे माझ्याकडे चारशे लोकांच्या शिव्या यायला लागल्या. शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर जे वाचून मी डोळे मिटायचे, ते आता डोळे उघडे ठेवून वाचायचं आणि त्यातनं माणसाला नेमकं काय आवडलं नाही ते शोधून काढायचं. दहांतल्या आठ जणांच्या शिवीत ते कुठं सापडायचंच नाही. आप्पा म्हणायचे, “शिवी देणारा घाईत असतो. तक्रार घरीच विसरून येतो.”

एकदा निवृत्त हवालदार रंगराव आणि रिक्षावाला गोकुळ यांची जुंपली. हवालदारांनी थेट ग्रुपवर लिहिलं, ‘रिक्षा चालवणाऱ्यानं गाणं शिकवू नये.’ गोकुळ उत्तर टाइप करतोय असं नुसतं दिसत राहिलं, दहा मिनिटं. एवढा वेळ टाइप करणारा माणूस काय लिहीत असणार, विचार करा. आप्पा तेव्हा माझ्याकडेच चहा पीत होते. त्यांनी आधी गोकुळला फोन केला, “दोन मिनिटं दम धर, बाळ.” मग हवालदारांना. “साहेब, राग राहू द्या. वाक्यातून रिक्षा काढा. आता सांगा, गाण्यात काय नाही आवडलं?” मग हवालदारांनी लिहिलं, ‘दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज मशीननं सरळ केला आहे. वरच्या पट्टीत त्याचा आवाज थोडा फाटतो, तो मला आवडतो.’ गोकुळनं आपलं लिहिलेलं पुसलं आणि एकच ओळ टाकली: ‘हे खरं हाये साहेब. मलाबी तोच आवडतो.’ त्यानंतर ते दोघं बाकी सगळ्या गोष्टींवर भांडले, पण मजेत.

‘तुम्ही लोक’ या दोन शब्दांवर आप्पांचा विशेष डोळा. कुणी लिहिलं की ते विचारायचे, “कोण कोण? नावं द्या, मी मोजतो.” कुणालाच तीनच्या पुढे नावं देता आली नाहीत, आणि तिसरं नाव बहुतेक वेळा मेहुण्याचं असायचं.

ते काही संत नव्हते, बरं का. ऐकून घेतल्यासारखं करायचे आणि आपलंच खरं करायचे. चहा बशीतून इतक्या मोठ्यानं प्यायचे की चिनू हेडफोन लावायची. आणि नथ्थू तापीकर बेसूर आहे असं कुणी म्हटलं की त्यांचे तिन्ही रकाने वाहून जायचे. असंच एकदा कुणी लिहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आप्पांचं उत्तर आलं: ‘तुझ्या बापानं तरी ऐकलं व्हतं का असं गाणं?’ इतका आनंद मला पहिला पगार हातात आला तेव्हाही झाला नव्हता. मी ताबडतोब लिहिलं, ‘आप्पा, बाप खोडा.’ दोन तासांनी एक शब्द आला: ‘खोडला.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पेरू आणले.

मी त्यांना एकदा विचारलंच, “आप्पा, शाळेत मी पोरांना अहिराणीसाठी बाकावर उभं करायचे, माहितीय तुम्हाला?” ते म्हणाले, “माहितीय. माझा पुतण्या व्हता तुमच्या वर्गात. अजून म्हणतो, बाईंमुळं पाय लई मजबूत झाले.” आणि खो खो हसले. मीही हसले, पण घरी कुणी नसताना नंतर बराच वेळ त्या पुतण्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

गेल्या श्रावणात आप्पा आजारी पडले आणि आठ दिवसांत गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, तिथं म्हणे खाटेवरच्या चादरीवरून हात फिरवून परिचारिकेला दोष दाखवला. मला हे गोकुळनं सांगितलं, त्याच्याच रिक्षातून नेलं होतं. मी हसत हसतच खाली बसले.

ग्रुपवर दुःख ओतू लागलं. कुणीतरी हात जोडलेलं चित्र आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं. त्यावर गोकुळनं विचारलं, ‘काय, कुठं, किती?’ मला वाटलं, आता भडका उडणार. पण त्या माणसानं चित्र काढून टाकलं आणि लिहिलं, ‘माझ्या बायकोशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो. आप्पांनी मला तिच्याबद्दलचं एक वाक्य सहा वेळा बदलायला लावलं. सहावं मी तिला म्हटलं.’ मग सगळे तसंच लिहायला लागले. हवालदारांनी लिहिलं. ज्याचा बाप खोडला होता त्यानंही लिहिलं. माझ्याच्यानं मात्र एक ओळ होईना. मी नुसती वाचत राहिले.

तेराव्याला मी लिंबायतला त्यांच्या घरी गेले. रूपालीला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिशीची, उंच, आप्पांसारखीच सडसडीत. घरात बायका दाटीनं बसल्या होत्या. तिनं मला पाणी दिलं आणि ओळखलं असं दाखवलं नाही. मीही ओळख दिली नाही, हिंमतच नव्हती. पानं उठली, बायका पांगल्या, मी पायात चपला सरकवायला लागले तेव्हा ती माझ्यामागे दाराबाहेर आली. पंख्याच्या आणि भांड्यांच्या आवाजात बोलायची सवय असल्यासारखी जरा मोठ्यानं, सरळ माझ्याकडे बघून बोलली:

“तुमची माफी मी त्याच दिवशी वाचली होती, बाई. पप्पा म्हणाले, लगेच उत्तर देऊ नको, वर्षभर बघू, बाई पुन्हा कुणाचं असं करतात का. वर्ष व्हायला अजून नऊ दिवस आहेत. पण मला आजच घ्या ग्रुपात. पप्पांबद्दल सगळे लिहितायत म्हणे, मला वाचायचंय.”